एका चिठ्ठीवर सात गाड्या

कारखान्यातल्या शेवटच्या कामावर मला घेतलं ते माझा फोन सगळ्यात टुकार होता म्हणून. ह्यात विनोद काही नाही. खरंच तसं झालं.

मी चौथी शिकलेला माणूस. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात होतो, कुठल्या ते लिहीत नाही. बारा वर्षं ऊसयार्डात नंबर टेकर होतो. उसाची गाडी फाटकातून आत आली की तिला नंबराची चिठ्ठी देणारा तो नंबर टेकर, मग ती बैलगाडी असो नाहीतर ट्रॅक्टर. चिठ्ठी नसंल तर गाडी वजनकाट्यावर जात नाही. पुढं गुडघे गेले तसं मला शेतकी खात्यात फोन उचलायला बसवलं. दिवसभर एकच प्रश्न, माझा ऊस कधी तुटणार. आणि त्यानंतर जे काम केलं ते गावात कुणाला नीट सांगता आलं नाही. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हणून गळ घातली तेव्हा म्हणलं, बघू, लिहून तरी सांगता येतंय का.

माझी बायको शेवंता ह्यात सारखी येणार. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. ती सातवी पास होती, अक्षर चांगलं होतं. मी सांगायचं आणि तिनं लिहायचं असं आमचं चालायचं. आता सांगतोही मीच आणि लिहितोही मीच, म्हणून ह्या चार पानांना दोन महिने लागले.

तर झालं काय, कारखान्यानं ठरवलं की शेतकऱ्याला त्याच्या उसाची नोंद मोबाईलवरच दिसली पाहिजे. तेव्हा हे काचेचे फोन खेड्यात आलेले नव्हते. बटणांचे फोन, त्यात नेट नुकतंच शिरलेलं. बारामतीहून रेवती मॅडम आल्या, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पान तयार केलं आणि आमच्या शेतकी खात्याच्या साहेबांच्या भारी फोनवर दाखवलं. सभासद नंबर टाका, चार आकडी खुणेचा नंबर टाका, की उसाची नोंद हजर. सगळ्यांनी वाहवा केली. मी मागं उभा होतो. माझ्या फोनवर उघडलं, दोन्ही नंबर टाकले, पान आलं. पुढचं बटण दाबलं तर परत म्हणतंय सभासद नंबर टाका. टाकला. पुढं गेलो, परत तेच. असं सात वेळा झालं. मी म्हणलं, मॅडम, ह्याला विसरायचा रोग हाय.

खोलीतले लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझा फोन घेतला, दहा मिनिटं दाबत बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, उद्यापासून तुम्ही माझ्याकडं बसा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं ते असं. आपण पान मागतो, पलीकडचं यंत्र पान देतं आणि त्याच दमात आपल्याला विसरतं. पुढचं पान मागायला गेलो की त्याच्या लेखी नवाच माणूस दारात आला. मी म्हणलं, हे तर माझ्या फाटकासारखं झालं. दिवसाला एवढ्या गाड्या, तोंडं कोण ध्यानात ठेवतो? चिठ्ठी बघायची. मॅडम म्हणाल्या, अगदी तेच. एकदा ओळख पटली की यंत्र एक लांबलचक नंबर देतं. चांगला फोन तो नंबर आपल्याजवळ जपून ठेवतो आणि दर वेळी आपल्याला न सांगता दाखवतो. त्याला कुकी म्हणतात. असं बिस्किटाचं नाव का, ते त्यांनाही धड सांगता आलं नाही. माझ्या फोनला मात्र तो नंबर ठेवायला खिसाच नव्हता.

घरी जाऊन शेवंताला सांगितलं. आम्हा दोघांच्याही घरी एकेकाळी मेंढरं होती. रान बदलताना चार धन्यांची मेंढरं एकत्र व्हायची, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करायची. ती लगेच म्हणाली, "म्हंजी साहेबाच्या फोनचं मेंढरू खूण घिऊन हिंडतंय आन तुमचं बिनखुणेचं हाय." मी म्हणलं, व्हय. तर म्हणाली, मग त्याच्याबरोबर दर वेळी कुणीतरी धाडा, हे अमक्याचं म्हणून सांगायला.

मॅडमनी शेवटी केलं ते ह्याच्यातलंच. पानाला पत्ता असतो, जसा घराला असतो. त्या पत्त्याच्या शेवटी तो लांबलचक नंबर शेपटासारखा जोडून टाकला. पानावरच्या प्रत्येक बटणामागं तेच शेपूट. फोनला काही ध्यानात ठेवायची गरजच नाही, बटण दाबलं की पत्त्याबरोबर नंबरही जातो. यंत्र शेपूट बघतं आणि म्हणतं, हां, हे अमके.

मग माझं काम सुरू झालं. मॅडमनी कुठून कुठून सहा जुने फोन गोळा केले. मी ते पत्र्याच्या डब्यात घेऊन बसायचो आणि एकेकावर पान उघडायचो. कुठला फोन विसरतो, कुठला नाही, ते बघायचं. घरी आल्यावर मी सांगायचो आणि शेवंता वहीत लिहायची. फोनाच्या एकेक तऱ्हा. एक फोन नंबर नीट ठेवायचा, पण मध्ये कुणाचा कॉल आला की सगळं विसरायचा. एकाला लांब पत्ता पुरायचाच नाही, तो शेपूट मधूनच तोडून टाकायचा. त्याच्यासाठी मॅडमना नंबर आखूड करावा लागला. आणखी एक कळलं. प्रत्येक फोन पान मागताना आपलं नाव सांगतो, कुठल्या कंपनीचा, कुठला नमुना. तपासणीसाठी मॅडमनी ते नाव पानाच्या तळाशी इंग्रजीत दिसायची सोय केली होती. माणूस तोंड उघडत नाही तेवढ्यात फोनच सांगून मोकळा. शेवंताला ह्याचं फार नवल. घराच्या दाराशी आलेल्या शेतकऱ्यांचे फोनही मी बघून घ्यायचो आणि ती वहीत लिहायची: फोन कुणाचा, नाव काय सांगतो, विसरतो का.

गिऱ्हाईकंही एकेक. इंदापूरकडचा एक म्हातारा काठी आपटत आला. त्याला यंत्रानं दुसऱ्यांदा नंबर विचारला होता आणि त्याचा त्याला अपमान वाटला होता. तीस वर्षांचा सभासद, मला ओळखत न्हाय म्हंजे काय? मी त्याला यंत्राचं समजावत बसलो नाही. तुमच्या फोनची चूक हाय म्हणलं, मग त्यानं फोनला शिव्या दिल्या आणि शांत झाला.

दोन गोष्टी मी माझ्या डोक्यानं केल्या, आणि त्याचा मला तेव्हा मोठा गर्व होता.

पहिली अशी. त्या स्वस्त फोनांत मराठी अक्षरं दिसतच नसत, नुसते चौकोन दिसायचे. पानावर चार ओळी होत्या: पहिली उसाची नोंद, दुसरी तोडणीचा क्रमांक, तिसरी ऊस कारखान्याला न्या अशी मागणी, चौथी बाहेर पडायची. चौकोन वाचणार कसे? मी गावोगावच्या बैठकीत सांगत सुटलो, वाचू नका, मोजा. ऊस न्यायची मागणी करायची असंल तर वरून तिसरी ओळ. लोकांना पटलं. अडाण्याला अडाण्याची भाषा पटते.

दुसरी अशी. मॅडमचं म्हणणं होतं की तो शेपटाचा नंबर अर्ध्या तासात मेला पाहिजे. माणूस अर्धा तास गप्प बसला की गेला समजायचं आणि चिठ्ठी रद्द. मी भांडलो. म्हणलं, मॅडम, आमच्याकडं रेंज कालव्याच्या भरावावर येते नाहीतर पाण्याच्या टाकीवर. माणूस टाकीवर चढणार, नंबर टाकणार, खाली उतरून घरात विचारणार, परत चढणार. आठ दिवस चालू द्या. त्या नको म्हणत होत्या. मी साहेबांच्या कानावर घातलं, आणि साहेबांनी आठ दिवस करून टाकले.

आता सांगवीचं सांगतो. सांगवी शेवंताचं माहेर. वडिलांनी जाताना तिच्या नावावर थोडी जमीन केलेली, कसायचा तिचा भाऊ बबन. तिथं तिचा ऊस होता, पण तो कारखान्याला द्यायचा नव्हता. बेण्याचा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उसाला पेरायला बी नसतं. उभ्या उसाच्याच कांड्या तोडून मातीत पुरायच्या, त्या बेणं. चांगलं, नीरोगी बेणं ज्याच्या शेतात त्याच्याकडं लोक आधी शब्द टाकून ठेवतात. शेवंतानं शब्द दिला होता गावातल्या नऊ बायकांना. त्यांचा बचत गट. हौसाबाई त्यांची पुढारीण. नवऱ्यांना बाजूला ठेवून ह्या नऊजणींनी जमीन करायला घेतली होती आणि पहिल्यांदाच स्वतः ऊस लावणार होत्या. सऱ्या, म्हणजे ऊस लावायचे लांब चर, सोडून तयार होत्या. कालव्याच्या पाण्याची पाळी त्या आठवड्यात ठरलेली होती. ती चुकली की लावण गेली. शेवंतानं कारखान्यात बेण्यासाठी राखीव म्हणून नोंद केलेली होती आणि दोन दिवस आधीच सांगवीला जाऊन बसली होती.

त्या सकाळी मी फोनांचा डबा उघडून बसलो होतो. तिचा फोन आला. म्हणाली, "अवो, तोडणीची टोळी आलीया आपल्या रानात. मुकादमाकडं माझ्या नावाची कारखान्याची तोडणीची स्लिप हाय. म्हणतोय, बाईनंच मागणी केली. म्या कुठं केली?"

मी म्हणलं, तोडू देऊ नको. ती म्हणाली, मी बांधावर उभी हाय, पण तो दुपारपत्तूर थांबीन म्हणतोय. त्याचंबी पोट हाय. आणि सारखी एकच विचारत राहिली, माझ्या नावानं दाबलं कुणी?

मी साहेबांकडं गेलो. त्यांनी संगणकात बघितलं. मागणी शेवंताच्याच नावानं होती, तीन दिवसांपूर्वीची. बेण्याची नोंद त्यामुळं आपोआप रद्द झाली होती. साहेब म्हणाले, तात्या, घरात विचारा, बाईमाणूस विसरलं असंल. मी म्हणलं, माझी बायको माझ्या फोनसारखी न्हाय. तेव्हा त्यांनी मोर्चा मॅडमकडं वळवला. तुमच्या पानात खोट आहे, उद्यापासून हे मोबाईलचं नाटक बंद, तुमच्या कंपनीला कळवतो. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांची ती पहिली नोकरी होती. साहेबांनी चूक शोधायला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. तिकडं मुकादमाचीही दुपारचीच मुदत.

मॅडम मला म्हणाल्या, यंत्र एक रोजनिशी ठेवतं. कुठल्या शेपटाच्या नंबरावर, किती वाजता, कुठलं पान मागितलं आणि फोननं नाव काय सांगितलं, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. त्यांनी शेवंताचा नंबर काढला. पहिली ओळ माझ्या डब्यातल्या चार नंबरच्या फोनची. ते बरोबर होतं, कारण आम्हाला पान तपासायला एक खरा सभासद लागायचा आणि शेवंतानं आपला नंबर मला दिलेला होता. पुढच्या ओळी त्या वाचत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसराच फोन. मग तिसरा. मग आणखी. मी बोटांवर मोजत होतो. सात फोन झाले.

मॅडमना अजून नीट उमगलं नव्हतं, पण मी फाटकावर बारा वर्षं काढलेली. एका चिठ्ठीवर सात गाड्या आत आल्या होत्या.

तिसरी ओळ ज्यानं दाबली त्या फोनचं नाव विचित्र होतं. कंपनी नाही, काही नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मला वाचता आलं नाही, पण दिसायला ओळखीचं वाटलं. मी वही काढली. शेवंतानं ती अक्षरं जशीच्या तशी चित्रासारखी काढून ठेवली होती. शेजारी लिहिलं होतं: गुलाबराव, सांगवी, मोठ्या आवाजाचा फोन, विसरतो.

मी गुलाबरावांना फोन लावला. म्हणलं, तुम्ही ऊस न्यायची मागणी केली का?

"केली की. तीन दिस झालं. आन तात्या, ही काय रीत झाली? मी टोळीसाठी चा टाकून बसलोय आन टोळी गेली तुमच्या मंडळीच्या रानात."

मी विचारलं, सभासद नंबर कुणाचा टाकला? ते म्हणाले, नंबर मागितलाच नाही, पान आपसूक उघडलं, मला वाटलं सुधारलं वाटतं. वर नाव कुणाचं होतं? नुसते चौकोन. मग दाबलं कसं?

"तुमीच तर सांगितलं, वाचू नका, मोजा. म्या मोजलं."

मग विचारलं, पान आलं कुठून तुमच्याकडं? ते म्हणाले, बबननं पाठवलं, लई जणांना पाठवलंय त्यानं. आन बबनला तुमीच की.

खरं होतं. त्या आठवड्याच्या सुरुवातीला मेहुण्याचा फोन आला होता, दाजी, तुमचं ते पान दिसतं कसं? मी चार नंबरच्या फोनवर शेवंताचंच पान उघडलेलं होतं. सांगत बसण्यापेक्षा त्यातूनच पत्ता पाठवून दिला. बघा म्हणलं. पत्त्याला शेपूट होतं. शेपटात शेवंता होती. आणि माझ्या हट्टानं ते शेपूट आठ दिवस जिवंत होतं. तीन वेळा माझा हात लागल्याशिवाय हे घडलंच नसतं: पत्ता मी पाठवला, मुदत मी वाढवली आणि मोजायला मीच शिकवलं.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं. त्या म्हणाल्या, तात्या, शेपूट पत्त्यात टाकलं ते मी, पाठवल्यावर असं होणार हे मला सुचायला पाहिजे होतं. बाई खरं बोलत होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर मीही गप्प राहिलो असतो का? सांगता येत नाही. मनात आलं होतं. यंत्राची चूक म्हणलं असतं तर साहेबांनी मान्य केलं असतं, मेहुण्याला काही कळलं नसतं, आणि मी घरी ताठ मानेनं गेलो असतो. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

साहेब आले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तात्या, तू यार्डात असतास आणि कुणी एक चिठ्ठी सातजणांना वाटली असती, तर काय केलं असतंस?"

मी म्हणलं, फाटकाबाहेर काढला असता.

त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं नाही. मॅडमची कंपनीकडं तक्रारही केली नाही. स्लिप रद्द केल्याचा कागद लिहिला, शिक्का मारला. मुकादम फोनवरचा शब्द मानणार नव्हता, म्हणून तो कागद घेऊन मी मोटारसायकलवर बसलो आणि बारामती ओलांडून सांगवी गाठली.

दुपार टळली होती. निम्मा ऊस पडला होता.

शेवंता बांधावर बसली होती, टोळीतल्या दोन बायकांशी बोलत. मुकादमाला कागद दिला, त्यानं कोयते थांबवले. मला वाटलं, सगळं गेलं. पण जवळ जाऊन बघितलं तर उभा राहिलेला निम्मा ऊस चांगल्या बाजूचा होता. तिनं मुकादमाला सांगितलं होतं, दुपार झाली, आता तुला अडवत न्हाय, पण कालव्याच्या अंगानं धर. तिकडचा ऊस लोळला होता, बेण्याला निरुपयोगी. तो आधी पाडायला लावला होता. तोडायला सगळ्यात वेळखाऊ तोच. बाई सातवी शिकलेली.

मी तिला सांगायला सुरुवात केली. वाटेत ठरवलं होतं थोडक्यात सांगायचं. पण ती मधे मधे विचारत राहिली. पत्त्याबरोबर मी कशी गेले? बबनच्या फोनवर माझं नाव दिसलं न्हवतं का? चौकोन व्हय. आन यंत्राला कळलं न्हाय का, की सकाळी हितं असलेली बाई दुपारी सात फोनांत कशी? मी म्हणलं, ते चिठ्ठी बघतं, माणूस बघत न्हाय. ती रागावली होती, पण तिला आधी समजून घ्यायचं होतं. रागाला ती नेहमी थांबवून ठेवायची, काम झालं की मग काढायची.

मग म्हणाली, "साहेबाला सांगितलं, बेस केलं. आता त्या नऊजणींना सांगा. माझा शब्द व्हता, तुमच्या साहेबाचा न्हाय."

संध्याकाळी हौसाबाईच्या अंगणात नऊजणी जमल्या. मी उभं राहून सांगितलं. कुकी, शेपूट, यंत्र असलं काही सांगायला लागलो तर हौसाबाई म्हणाली, तात्या, ते राहू द्या, बेणं किती उरलं ते सांगा. निम्मं म्हणलं. नंतर एकजण हळूच म्हणाली, फोनवर काम करणाऱ्या माणसाचं असंच असतंय, बसल्या जागी रान उठवतंय. दुसरी म्हणाली, आता तात्याला कोयता द्या हातात, फोन नगं. हसू फुटलं आणि मला जरा बरं वाटलं.

तोड शेवंतानंच काढली. आम्ही कांडी दोन-तीन डोळ्यांची लावतो. डोळा म्हणजे पेऱ्यावरचा कोंब फुटायची जागा. ती म्हणाली, एकेका डोळ्याची कांडी तोडू, जपून लावू, निम्म्या बेण्यात सगळं रान होईल. कुठल्यातरी शेतीमेळाव्यात तिनं ते ऐकलं होतं. शिवाय थोड्या कांड्या वाफ्यात वेगळ्या लावून ठेवू, म्हणजे रानात जिथं उगवलं नाही तिथं ती रोपं लावता येतील. अशा रिकाम्या जागा भरण्याला नांग्या भरणं म्हणतात.

दोन दिवस रजा टाकून मी त्या बायकांत बसून कांड्या तोडल्या. एक डोळा ठेवून तोडायचं म्हणजे हात नेमका पाहिजे. माझा हात चिठ्ठ्या देणारा. कितीतरी डोळे मीच चिरले. पाळीचं पाणी वेळेवर आलं आणि लावण झाली.

कारखान्यात मॅडमनी नंबर अर्ध्या तासाचा केला. त्याशिवाय नंबर आणि फोनचं नाव यांची गाठ मारली. शेपूट दुसऱ्या फोनवर गेलं की यंत्र म्हणणार, चिठ्ठी ह्याची नव्हे. एकसारख्या नमुन्याचे दोन फोन असले तर ती गाठही पुरत नाही, हे मीच त्यांना दाखवून दिलं. म्हणून मग तिसरी ओळ दाबली की परत खुणेचा नंबर मागायला लावला. टाकीवर चढणारे लोक कुरकुरले. त्यांचंही खरं होतं. सोय करायला गेलं की दार उघडं राहतं आणि दार लावलं की घरचाच माणूस बाहेर राहतो. ह्यातून सुटका आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही. पुढं लोकांकडं काचेचे फोन आले. ते सगळं ध्यानात ठेवतात, नको तेही ठेवतात. माझा डबा बंद झाला.

महिन्याभरानं शेवंता मला सांगवीला घेऊन गेली. बायकांचा ऊस उगवला होता, सऱ्या हिरव्या झाल्या होत्या. कडेच्या दोन सऱ्या मात्र म्हाताऱ्याच्या तोंडासारख्या, दोन दात हितं, एक तितं. मी म्हणलं, पाणी पोचलं न्हाय वाटतं. ती म्हणाली, "पानी समद्याला सारखंच हाय. ह्या तुमच्या हातच्या कांड्या."

तेव्हा कुठं तिनं राग काढला. सगळं साठलेलं बोलली, मेहुण्याला पत्ता पाठवण्यापासून साहेबांच्या कानाला लागण्यापर्यंत. मी वाफ्यातली रोपं आणली आणि सांज होईपर्यंत नांग्या भरल्या. ती बांधावर बसून बोलत होती. बोलणं संपल्यावर परत विचारायला लागली, फोन आपलं नाव सांगतो ते त्याला शिकवलं कुणी? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं.

त्या जमिनीत नंतर तोडलेल्या बुडख्यांवरचा खोडवा झाला, गहू झाला, पुन्हा ऊस झाला. सऱ्या कितीदा मोडल्या आणि नव्यानं सोडल्या. पण कडेच्या दोन सऱ्यांना त्या बायका अजून तात्याच्या सऱ्या म्हणतात. खुरपायला वाटणी करताना म्हणतात, तू तात्याच्या सऱ्यांपासून धर. शेवंता ते ऐकून दर वेळी हसायची.

गेल्या महिन्यात बबनकडं गेलो होतो. वाटेत रान लागलं म्हणून थांबलो. हौसाबाई घरात आलेल्या नव्या सुनेला जमीन दाखवत होती. ह्या अमकीच्या, त्या तमकीच्या, असं करत कडेला आली आणि म्हणाली, त्या तात्याच्या सऱ्या. सुनेनं विचारलं, तात्या कोण?

हौसाबाईनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "हे काय. आपल्या शेवंताचं मालक."